दुसऱ्याचा जॉब, बन्सीचं घासणं

बन्सीला कष्टांचा तिटकारा नव्हता. दुसऱ्याचे कष्ट तो तासन्‌तास बघत बसायचा. वेरूळजवळच्या त्याच्या गावी वडील पुंजाराम नवी विहीर खोदत होते आणि खाली काळा पाषाण लागला होता. पोराच्या हातात पहार द्यायची वेळ आली, तेव्हा पोराला अचानक शिक्षणाची ओढ लागली. शहरात गारखेड्याच्या बाजूला एक तंत्रशाळा होती. आता तिथं फ्लॅट आहेत. त्या शाळेत त्यानं फिटरच्या कोर्सला नाव घातलं. कारखान्यात काम मशीन करतं, माणूस नुसता शेजारी उभा राहतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी श्रीनिवास सरांनी प्रत्येकाला लोखंडाचा तुकडा आणि कानस दिली.

"सर, मशीन?" बन्सीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी. आधी हा तुकडा घासून सपाट कर."

"वर्षभर घासू?"

"तुझ्या तब्येतीनं दोन वर्षं घे."

मी शेजारच्या वाइसवर, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या शिकंज्यावर होतो. कानस पुढं जाताना तिच्यावर अंगाचा भार पडावा लागतो. बन्सी ती मोरपिसासारखी फिरवायचा. लोखंडाला गुदगुल्या होत असतील. बाकी काही होत नव्हतं.

सहामाहीला जॉब आला, म्हणजे स्वतःच्या हातानं करून द्यायचं काम. दोन पोलादी पट्ट्या. एकीत चौकोनी खाच, दुसरीला तसाच दात. दात खाचेत बसवून खिडकीकडं धरल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. हा जॉब पास झाला तरच परीक्षेला बसायला मिळणार होतं. पुंजारामनं निरोप धाडलाच होता : "नापास झाला तर तसाच इकडं ये. खडक लई हाय."

बन्सीनं तोड काढली. वरच्या वर्गातल्या रामकिसनचा पास झालेला जॉब त्यानं टोपलीभर शेंगा देऊन मिळवला. जॉब देखणा होता. अडचण एकच : शाळेत प्रत्येकाच्या जॉबवर त्याचा हजेरी नंबर पोलादी ठशानं ठोकायची पद्धत होती. दाताच्या पट्टीवर रामकिसनचा नंबर होता.

"एवढंच ना? घासून टाकतो," बन्सी म्हणाला.

नंबर खोल होता. तेवढ्याच जागी घासला, तर खड्डा पडला. खड्डा घालवायला सगळी पट्टी घासून उतरवावी लागली. मग ती जोडीदारणीपेक्षा पातळ झाली, म्हणून जोडीदारीणही उतरवली. तोवर कडांचा काटकोन बिघडला. गुण्या लावून कडा सरळ केल्या. चहाची सुट्टी गेली, जेवणाची गेली, रविवार गेला. माझा जॉब सरांकडं जमा झाला होता. हे गृहस्थ कष्ट वाचवण्यासाठी घाम गाळत होते.

"का रे, नवाच केला असता तर?" मी विचारलं.

"नव्याला लई मेहनत लागती गड्या," कपाळ पुसत तो म्हणाला.

हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. कानस सरळ चालायला लागली. सगळ्यांना दिसत होतं. फक्त त्यालाच ते कळलं नाही.

जॉब द्यायच्या दिवशी सकाळीच सरांनी व्हर्निअर लावला. "जाडी कमी भरते. नापास." मग पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "पण घासलंय झकास. कुणी घासून दिलं?"

"मीच घासलं."

"तू?" सर हसले. "थापा मारायलासुद्धा थोडी लाज लागते बन्सी."

बन्सी पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि ते खपत नव्हतं. तो कळवळून ओरडला, "आईची आण सर! जॉब दुसऱ्याचा हाय, पण घासणं माझंच हाय!"

शाळा हसून लोळली. सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून दोन कोऱ्या पट्ट्या काढल्या. "शाळा सुटेपर्यंत माझ्यासमोर कर. नाहीतर वेरूळची गाडी पकड."

बन्सीनं पाय रोवले.  दिवसभर तो पाणी प्यायलाही हलला नाही. संध्याकाळी सरांनी दात खाचेत बसवला आणि खिडकीकडं धरला. एका कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ आलीच. सरांनी ती पाहिली, मग बन्सीच्या हातावरचे घट्टे पाहिले.

"काठावर पास."

"काठावर?" बन्सी उसळला. "सर, दोन जॉब घासले म्या! बाकीच्यांनी एकेकच घासला."

"पहिल्याचे मार्क ज्याचा जॉब त्याला देतो. नाव सांग."

बन्सीनं हात धुतले.

परीक्षा पास होऊन तो चितेगावच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. लोकांना तो अजून सांगतो, "फिटरकी म्या एका दिवसात शिकलो." मी कधी खोडत नाही. त्या दिवसाआधी तो शिकत नव्हताच. नंबर पुसत होता.