रोल नंबर एकसष्ट

मी फिजिक्सचा विद्यार्थी. कुणी भूतबित म्हणालं की पुरावा मागणारा, आणि पुरावा दिला तरी वाद घालणारा. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

९८ सालची गोष्ट. मी बोळिंजला राहायचो, वसईच्या कॉलेजात टी.वाय.ला होतो. किरण उमेळ्याचा, घरची फुलांची वाडी. तीन वर्षं आम्ही एका बाकावर.

माझी हजेरी फार कमी होती. सरांनी बजावलं होतं — आता एक जरी लेक्चर बुडलं तरी परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही. म्हणजे वर्ष गेलंच. आणि नेमकं शुक्रवारी बाबांचं मुंबईला ऑपरेशन! सरांना सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात.

"तू जा रे बिनधास्त," किरण म्हणाला. "बाराच्या लेक्चरला तुझी प्रॉक्सी मी मारतो. काय पण झालं तरी मारतो."

माझा घोगरा आवाज तो हुबेहूब काढायचा. मी निश्चिंत गेलो.

ऑपरेशन नीट पार पडलं. शनिवारी कॉलेजात पाय ठेवला, तर शेजारच्या बाकावरची स्मिता म्हणाली, "किरण काल आलाच नाही."

मनातल्या मनात त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. तीन वर्षांची दोस्ती, आणि साधं एक 'येस सर' जमलं नाही?

सरांचे पाय धरायच्या तयारीनं स्टाफरूममध्ये गेलो. त्यांनी मस्टर उघडलं. त्रेपन्न, किरण — हजर. एकसष्ट, मी — हजर.

"शेवटी आलास ना काल, दिलास की आवाज," सर म्हणाले. "घसा बसला होता का?"

बाहेर येऊन स्मिताला पुन्हा विचारलं. "आवाज आला खरा," ती म्हणाली. "पण तुमचा बाक रिकामा होता. मला वाटलं, मागून कुणीतरी मारली प्रॉक्सी."

किरणनं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असणार! तडक उमेळ्याला गेलो. तो खाटेवर पडलेला, तोंड सुकलेलं. मला बघताच त्याचे डोळे भरून आले.

"सॉरी यार... ताप होता, उठताच येईना. तुझं वर्ष गेलं ना?"

"तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला सांगणार? दिवसभर शुद्धच नव्हती."

त्याची आई पेज घेऊन आली. "काल काय बरळत होता, विचार त्याला," ती म्हणाली. "चर्चची बाराची घंटा झाली नि जरा वेळानं 'येस सर' करून ओरडला. मग परत एकदा. दुसऱ्या टायमाला आवाज असा घोगरा... मला वाटलं, तूच आलास भेटायला."

मी पेजेची वाटी तिच्या हातून घेतली.

वर्ष वाचलं. मागून कुणी प्रॉक्सी मारली असेल, तर तीन वर्षांच्या ओळखीतल्या एकानंही ते आजवर कबूल केलेलं नाही. आणि स्टाफरूमच्या वाटेवर मी किरणला मनात काय काय म्हणालो होतो, ते त्याला सांगायची हिंमतही अजून झालेली नाही.