तांब्याची कांब

पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात शेवटची परीक्षा झाली आणि प्रिन्सिपॉल साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. आजवर काय शिकलात, पुढे कशाचा अभ्यास करणार आणि तोच का, ते लिहा म्हणाले. कॉलेजात राहून प्रयोग करण्याची जागा एकच होती, आणि ती मला हवी होती.

माझे शिक्षण ठाण्याच्या घरी मार खाण्याने सुरू झाले. वडील कलेक्टर कचेरीत कारकून. गणित चुकले की चिंचेची ओली फोक पोटरीवर बसे, बरोबर आले की नुसते ‘हं’. रक्त आले तरी त्रैराशिक पुरे करावे लागे. त्या फोकेनेच मला पुण्याला पोचवले हे खरे, पण त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानले नाहीत, आजही मानत नाही.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आंबिवलीजवळच्या दगडाच्या खाणीवर काम पाहायला गेलो. तिथे सुरुंग भरणारा एक आगरी होता, चाळिशीचा, मोजके बोलणारा. खडकाला पाडलेल्या भोकात सुरुंगाची दारू ओतायची आणि तांब्याच्या कांबीने ती बेताने ठासायची, हे त्याचे काम. लोखंड काळ्या दगडावर घासले की ठिणगी उडते, तांब्याने उडत नाही.

खंडेनवमीला तांब्याच्या कांबीसकट खाणीतली सगळी हत्यारे मांडून हळदकुंकू वाहिले. पूजेतले हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलायचे नाही, ही तिथली रीत. दुपारी कंत्राटदाराचा निरोप आला, दगड आजच फोडा. झोपडीमागे एक नवी लोखंडी पहार पडली होती, ती पूजेत नव्हती. मी ती उचलून त्या आगऱ्याच्या हातात दिली.

“लोखंडानं आग धरंल, दादा.”

“हळू ठासलंस तर काही होत नाही. पुस्तकात आहे.”

पुस्तकात असे काही नव्हते. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेलो मी, चार माणसांत अडाणी दिसायला नको म्हणून बोललो. “तुमी शिकलेलं,” एवढे म्हणून त्याने आम्हाला लांब उभे केले आणि पहार घातली.

तिसऱ्या ठोक्याला खडक उडाला. धूर विरल्यावर पाहिले, त्याला चेहरा राहिला नव्हता. उजवा हात दहा पावलांवर करवंदीच्या जाळीत अडकला होता, आणि माणूस अजून श्वास घेत होता. मी पाणी आणेपर्यंत तो गेला.

चौकशीत कंत्राटदाराने सांगितले, तो सणाची ताडी प्यालेला होता. ती जबानी नक्कल करायला कचेरीत वडिलांकडेच आली. मी घरी खरे सांगितले, तेव्हा त्यांनी फोक माझ्या तोंडावर ओढली. ओठ फाटला. “पुन्हा बोललास तर जीभ हासडीन,” म्हणाले आणि वळणदार अक्षरात ‘ताडी’ लिहून मोकळे झाले. तिकडे गावाने, नवऱ्याने ताडी पिऊन देवाचा दिवस विटाळला म्हणून, त्या आगऱ्याच्या बायकोला पाणवठा बंद केला. मला हे ठाऊक होते. मी गप्प बसून परीक्षा दिल्या.

पण दोन वर्षे कॉलेजच्या अंधाऱ्या कोठीत दुसरे काही सुचले नाही. लोखंड, पितळ, तांबे, लाकूड, एकेक कांब काळ्या दगडावर आपटून ठिणग्या पाहत होतो. तोच विषय मी साहेबांच्या कागदावर लिहिला, आणि खाली कारण दिले: एक निर्व्यसनी माणूस मी दिलेल्या पहारीने मेला.

साहेबांनी ती ओळ खोडली. “हे शास्त्रात येत नाही,” म्हणाले आणि जागा मला दिली.

मला इतका संताप आला की तो कागद त्यांच्यापुढे फाडावासा वाटला. फाडला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आंबिवली गाठली आणि त्या आगऱ्याच्या बायकोला सगळे सांगितले.

तिने हातातले सूप खाली ठेवले. “मंग तो पियाला नव्हता?”

“नव्हता.”

“मंग भायेर चल. सगल्यांसमोर सांग.”

पाणवठ्यावर माणसे जमली. मी मोठ्याने सांगितले. पुरे व्हायच्या आतच तिच्या दिराने मला लाथेने खाली पाडले, मग बाकीचेही तुटून पडले. दोन बरगड्या मोडल्या. मी हात वर केला नाही. चुकीच्या उत्तरांसाठी जन्मभर खाल्ला होता, हा मार बरोबर उत्तराचा होता. चिखलात पडल्या पडल्या मला दिसले, ती घागर घेऊन पायऱ्या उतरत होती आणि तिला कोणी अडवत नव्हते.