चहूबाजूंनी पाणी, मध्ये शेरू

पौष महिना, संक्रांतीच्या अलीकडचा रविवार. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि शेरू. सामान: पाण्याची कॅन, सतरंजी, घडीची खुर्ची, गोवऱ्या, त्यांत भाजायच्या रोडग्यांची कणीक, वांगी, प्रथमोपचाराची पेटी. दुपारनंतर गैरहजर: माझा उजवा बूट.

शेरू हा कुत्रा आहे. (हे सांगावं लागतं, कारण सासूबाई त्याच्याबद्दल ज्या सुरात बोलतात, त्यावरून नवख्या माणसाला तो माझा धाकटा दीर वाटतो.) दिवाळीच्या सुमारास आई, म्हणजे सासूबाई, काटोलच्या घरी अंगणात घसरून पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण आमचा जीव उडाला. आम्ही त्यांना नागपूरला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. त्यांची अट एकच होती: शेरू सोबत येईल.

शेरू आला आणि त्याने असहकार पुकारला. संत्र्याच्या बागेत वाढलेला हा गडी. त्याला लिफ्टमधून खाली नेलं की गेटपाशी बसायचा. पट्टा ओढला की आडवा व्हायचा. आणखी ओढला तर डोळे मिटून घ्यायचा. मग गरजेपुरता उठायचा, कोपऱ्यातल्या विजेच्या खांबाला भेट द्यायचा आणि पुन्हा गेटपाशी लोळण!

महिनाभराने आईंनी निकाल दिला.

"पाह्य वं नीता, संक्रांतीपर्यंत हा रमला तं ठीक. नाही तं तिळगूळ वाटून झाला का आम्ही दोघं काटोलची बस धरतो."

"अहो पण आई, तिकडे तुम्ही एकट्या..."

"एकटी काहून? शेरू हाय न!"

यांचं तोंड एवढंसं झालं. रात्री आईंना पुन्हा काही झालं तर शेरू काय फोन करणार होता? पण हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही. फ्रिजवर एक पांढरी पाटी आहे. घरातली सगळी कामं मी तिच्यावर लिहिते आणि झाली की बरोबरची खूण करते. त्या पाटीवर मी लिहिलं: 'शेरूला रमवणे. बाकी.'

मग जागांचा शोध सुरू झाला. फुटाळा तलावाच्या काठावर नेलं, तर शेरू कणसं भाजणाऱ्यासमोर ठाण मांडून बसला आणि कणीस मिळाल्यावरही उठला नाही. सेमिनरी हिल्सला गाडीतून उतरलाच नाही. अंबाझरीला रस्त्याच्या मधोमध असा पसरला की फिरायला आलेली मंडळी गोळा झाली. "याले काय झालं जी?" "डॉक्टरले दाखवा." "ताई, हा कोणाच्या तरी आठवणीत हाय!" एका काकांनी तर मलाच पाणी पाजलं.

या तिन्ही वेळेला आई घरी होत्या. त्यांनी दगदग करू नये, असा माझा सक्त नियम होता. डॉक्टरांनी त्यांना ठणठणीत ठरवून सोडलं होतं. पण डॉक्टरांचं ऐकून माझं वेळापत्रक बदलत नाही! आईंना गादीची खुर्ची, खुर्चीत चहा, खुर्चीत नाश्ता. "आई, उठू नका, मी देते," हे वाक्य मी दिवसभर म्हणत असे. मला ते फार प्रेमळ वाटायचं.

बेटाची कल्पना माझीच. काटोलच्या वाटेवर एक तलाव आहे आणि त्यात लहानसं बेट. लोक तिथे रोडग्यांची पंगत करायला जातात. मी यांना समजावलं, "शेरूला पट्ट्याचाच राग असेल. पट्टा सोडायचा तर तो पळून जायची भीती. बेटावर पळून जाणार कुठे? चहूबाजूंनी पाणी! देवानेच घातलेलं कुंपण आहे ते."

"आणि मला रोडगे," हे म्हणाले. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं.

आदल्या दिवशी तिथल्या दशरथभाऊंशी फोनवर बोलून मी बेटाची माहिती काढली. ते मासेमारी करतात आणि लोकांना डोंग्यातून बेटावर सोडतात. त्या माहितीवरून मी शेरूच्या फिरण्याच्या चार आवडत्या जागा ठरवल्या: चिंचेखालची सावली, पूर्वेचा वाळूचा पट्टा, खडकाचं टोक आणि पाणकोंबड्यांची बाजू. (आवडत्या कोणाच्या, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.)

डोंग्यापाशी पोचल्यावर शेरू पुन्हा आडवा. "उचला," मी यांना म्हटलं. यांनी शेरूला उचललं, शेरूने यांचा चष्मा चाटला, चष्मा धूसर झाला आणि यांनी डोंगा समजून पाय पाण्यात ठेवला!

"कुत्रं कोरडं हाय, साहेब वले झाले," दशरथभाऊंनी शांतपणे सांगितलं. आई पदराआड हसत होत्या.

बेटावर उतरल्याबरोबर मी चिंचेखाली खुर्ची उघडली. "आई, तुम्ही इथे बसा. उठू नका. अहो, तुम्ही गोवऱ्या पेटवा, वांगी शिजत टाका आणि रोडगे लावा. मी शेरूला आधी सगळं दाखवून आणते, मग पट्टा सोडू."

हात मोकळे राहावेत म्हणून मी पट्टा माझ्या कमरेला बांधला. पक्की गाठ मारली. मी गाठी चांगल्या मारते.

पहिली जागा: शेरू झोपला. दुसरी जागा: वाळूत झोपला. तिसऱ्या जागेपर्यंत मी त्याला जवळजवळ वाहूनच नेलं. चौथ्या जागी मात्र गवतातून एक पाणकोंबडी फडफडली आणि दोन महिने साठवलेली सगळी ताकद शेरूने त्या एका क्षणात खर्च केली!

तो निघाला. त्याच्यामागे मी निघाले, कारण गाठ पक्की होती. बाभळीच्या काटेरी फांदीखालून तो गेला, मी फांदीतून गेले. चिखल त्याने उडी मारून ओलांडला, माझा उजवा बूट तिथेच राहिला. "थांब! बस! शेरू, बस!" एरवी दिवसभर बसणारा प्राणी, पण आज बसेल तर शपथ!

"अहो, पकडा!" मी ओरडले.

हे गोवऱ्यांवर फुंकर घालत होते. पाणकोंबडी डावीकडे वळली, शेरू चुलीच्या डावीकडून गेला, मी उजवीकडून गेले आणि आमच्यामधला ताणलेला पट्टा वांग्याच्या भाजीच्या पातेल्याखालून अलगद सरकला. पातेलं आडवं झालं. हे आडवे झाले. शेवटी मीही आडवी झाले. गाठ सुटली नाही, शेरूची मान मात्र गळपट्ट्यातून सुटली.

डोळ्यांतली राख पुसून हे उठले. "भाजी गेली," म्हणाले.

"भाजी मरू दे. शेरू कुठाय?"

शेरू दिसेना. चिंचेखाली पाहिलं, तर खुर्ची होती, आई नव्हत्या!

आम्ही बेटाला फेरी मारली. "आई! शेरू! आई!" मग दुसरी फेरी, तीही मी एका बुटावर मारली. हे पांढरे पडले होते. आणि मग तलावाच्या मध्यावर डोंगा दिसला. वल्हं मारणारे दशरथभाऊ, मध्ये ताठ बसलेल्या आई आणि पुढे, नाक वर करून उभा असलेला शेरू!

"आई! कुठे चाललात?"

"दशरथच्या बकऱ्या पाहून येतो वं! तुमचं चालू द्या!"

"अहो, आम्हाला सोडून?"

"कुठी जाता तुम्ही? चहूकडून पाणी हाय!"

देवाच्या कुंपणात आता आम्ही दोघं होतो.

पलीकडच्या काठाला डोंगा लागला. आई उतरल्या, पदर खोचला आणि तलावाच्या बांधावरून झपाझप चालू लागल्या. शेरू त्यांच्या मागे. पट्टा नाही, ओढणं नाही. आई थांबल्या की तो थांबे, आई वळल्या की तो वळे. आई एका झुडपाची पानं उलटून बघत होत्या, तर हा शहाण्यासारखा बाजूला उभा!

"अगं, हा तर चालतोय," हे म्हणाले.

"आईसुद्धा," मी म्हटलं.

मग यांना आठवलं. काटोलला आई रोज सकाळी बागेत झाडाझाडापाशी जात आणि शेरू त्यांच्या मागोमाग. त्याला फिरायला कोणीच नेत नव्हतं. तो आईंना फिरवून आणत होता! आणि मी इकडे त्याची म्हातारी खुर्चीत बांधून ठेवली होती. तो गेटपाशी बसून तिची वाट पाहत होता आणि मी त्याला फुटाळा दाखवत होते.

आई परतल्या तेव्हा गाल लाल झाले होते. पडलेलं पातेलं, यांच्या तोंडावरची राख, माझा अनवाणी पाय, सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं.

"माय वं! आम्ही नव्हतो तं एवढं फिरले तुम्ही?"

"आई, बोलायचं ना मला. फिरावंसं वाटतं म्हणून."

"तू बोलू देशीन तवा न! उठाले गेली का 'बसा', तोंड उघडलं का 'चहा घ्या'. मले वाटलं, शहरात असंच बसवून ठेवतात म्हाताऱ्या माणसाले."

मी चिंचेखालची खुर्ची घडी करून ठेवली. सांडलेली भाजी एव्हाना शेरूच्या पोटात गेली होती. आम्ही राखेतले रोडगे फोडून तेल, मीठ आणि तिखटाशी खाल्ले. हे तीन वेळा म्हणाले, "असे रोडगे कधी झाले नव्हते." डोंग्यात शेरू स्वतःहून चढला, आईंच्या मागोमाग.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटला. काटोलची बस गेली असेल, आमच्याकडचं कोणी तिच्यात नव्हतं. आता आई सकाळी शेरूला घेऊन निघतात. लिफ्टचं बटण शेजारच्या देशमुखकाकूंनी शिकवलं, त्या बदल्यात काकूंना कढीपत्त्याच्या झाडाची निगा शिकवणं चालू आहे. रस्त्यातल्या प्रत्येक कुंडीपाशी आई थांबतात, शेरू थांबतो. भाजीवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना शेरूचं नाव ठाऊक आहे. मला ते 'शेरूच्या वहिनी' म्हणतात.

फ्रिजवरच्या पाटीवर 'शेरूला रमवणे' याच्यापुढे मी मोठ्या झोकात खूण केली. दुसऱ्या दिवशी पाहते, तर खाली आईंच्या ठसठशीत अक्षरात एक नवी ओळ. रोज सकाळी ती दोघं माझ्या दारापाशी येतात, आई हाका मारतात, शेरू पांघरूण ओढतो आणि मी डोळे मिटून आडवी राहते. त्यामुळे ती ओळ आजही तशीच आहे:

'सूनबाईले फिरवून आणणे. बाकी.'