बैलांसमोर न मालवलेले दिवे

घोडेगावचे दादाभाऊ मंचरच्या रिखबचंद शेठकडे ड्रायव्हर आहेत. शेठचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. ते सूर्यास्ताआधी जेवतात, संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे त्यांच्या जुन्या गाडीचे झेनॉनचे दिवे फारसे जळलेच नाहीत, अजून टिकून आहेत. गेल्या दिवाळीत नातू अरिहंतने एलईडी दिव्यांची नवी गाडी घेतली. चालवायला दादाभाऊच.

दोन्ही दिव्यांबद्दल ते सरळ हिशेबाने बोलतात. झेनॉन पूर्ण उजळायला थोडा वेळ घेतो, जुना झाला की जांभळट पडतो. एलईडी लावताक्षणी लख्ख. कडेच्या उसातलं पानन्‌पान दिसतं, आणि बिबट्याच्या या मुलखात ते काही थोडं नाही. पण हे सगळं स्टिअरिंगमागे बसलेल्याचं सुख. समोरच्याला झेनॉन खुपायचा, एलईडी आंधळं करतो. डिपर मारून दिवा खाली टाकलेला असला तरी त्याच्या उजेडाची कड धारदार असते. खड्ड्यातून गाडीचं नाक वर आलं की ती थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

पारगावचा साखर कारखाना सुरू झाला की इकडच्या रस्त्यांवर जुने ड्रायव्हर एक रीत पाळतात. समोरून उसाची बैलगाडी आली की मोठे दिवे मालवायचे आणि पार्किंगच्या छोट्या दिव्यांवर हळू पुढे सरकायचं. बैल बुजतात.

एके दिवशी दिवेलागणीला दादाभाऊ अरिहंतला घेऊन नव्या गाडीतून पारगावहून परतत होते. वळणावर ऊसतोडीवर आलेल्या जानकूची बैलगाडी दिसली. वर मोळ्यांवर त्याची बायको ठकूबाई बसली होती. दादाभाऊंचा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला. मोबाइलमधून मान वर न करता अरिहंत म्हणाला, ऑटोला हात लावू नका, गाडीला सगळं कळतं. दादाभाऊंनी हात मागे घेतला. तेवढ्यात मोटारीचं चाक साइडपट्टीवर चढलं आणि उजेड बैलांच्या तोंडावर उडाला. कडेचा बैल बुजून रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीत कोसळला. ठकूबाई वाचली. बैलाचा पाय मोडला.

जमलेल्या लोकांनी आधी व्हिडिओ काढले, मग जू सोडवलं. जानकूला पांढऱ्या झोतापलीकडे काही दिसलंच नव्हतं. थांबलेली गाडी मदतीला आली असं त्याने धरलं. अरिहंतने ते तसंच राहू दिलं. घरची देणगी जाते त्या पांजरपोळाला फोन लावला, टेंपो मागवला, आणि बैल चढवताना फोटो काढला. फोटोला उजेड त्याच दिव्यांचा होता. स्टेटस ठेवलं : ‘मुक्या जीवाला जीवदान.’

दुसऱ्या दिवशी दुकानात अरिहंतचं कौतुक चाललं होतं. खत घ्यायला आलेले आळे गावचे सोपान म्हणाले, “दादाभाऊ, तुमाला बी फुकटात पुण्य लागलं की राव. थोडं इकडं बी सांडा.” लोक हसले. तिकडे मुकादमाने जानकूला बजावलं होतं, जोडी पुरी कर नाहीतर पाल उचल. एका बैलावर गाडी चालत नाही. हे दादाभाऊंच्या कानावर आलं होतं.

ते गल्ल्यापाशी गेले. “शेठ, पुण्य-बिण्य काय नाय. त्यो बैल आपल्याच लायटीनं पडला. मी दिवं मालवाया गेलो व्हतो, ह्यांनी अडवलं. अन् मी ऐकलं.”

सोपान खताच्या गोणीवरची किंमत वाचू लागले. अरिहंत शांतपणे म्हणाला की दिवा खालीच होता, कायद्याने आपली काही चूक नाही.

“कायदा बैलाला वाचून दाखवला होतास का?” रिखबचंद म्हणाले. मग दादाभाऊंकडे वळून त्यांनी त्याच दिवशी जोडीला जमेल असा बैल बघायला सांगितलं, आणि तो पोचवायला अरिहंतनेही जायचं, असं बजावलं.

अरिहंत गेला, पण पालापाशी गाडीतून उतरला नाही. काच अर्धी खाली करून म्हणाला, “काळजी करू नका, आमची मदत असते सगळ्यांना.”

जानकूने हात जोडले.

टेंपोतून बैल उतरवत असलेल्या दादाभाऊंनी ते पाहिलं. कासरा हातात धरून ते जानकूपाशी आले. “हात नको जोडू, बाबा. उजेड ह्याच गाडीचा व्हता. चालवत मी व्हतो.”

जानकूने गाडीच्या दिव्यांकडे पाहिलं. हात खाली घेतले, कासरा घेतला आणि बैल दावणीकडे नेला. ठकूबाई काचेशी जाऊन थुंकली.