कापडाच्या घडीतले बारा शब्द

"थांबा. पोचू द्या."

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी पडलेली असायची आणि हा गृहस्थ हात मागं बांधून मोबाईलकडं बघत उभा असायचा. पैसे पाठवून झालेले असत. पण ते माझ्याकडं पोचल्याची खूण माझ्या मोबाईलवर उमटेपर्यंत पट्टीला बोट लावायचे नाहीत. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मागं गिऱ्हाईक खोळंबायचं आणि माझं डोकं फिरायचं.

"अहो सर, न्या की ती पट्टी! तुम्ही काय पळून जाणार आहात का?"

"तसं न्हाई वो मेडिकल. पोचलं न्हाई तवर ते तुमचं न्हाई. आन् तुमचं झालं न्हाई तवर गोळी माझी न्हाई."

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी 'मेडिकल' आणि समोरच्या दवाखान्यातला होमिओपॅथीवाला 'डॉक्टर'. आम्ही दोघं त्यांना सर म्हणायचो. दहा-बारा वर्षांपूर्वी लातुरात डिजिटल नाणं म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातले तिघं एकाच गल्लीत होते. कारण उघड आहे. एकाला लागण झाली, त्यानं दोघांना दिली.

सरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. माझ्या दुकानाला लागून एक हॉल, मागं दोन खोल्या, त्यात ते आणि वहिनी. मूलबाळ नाही. जागा भाड्याची. कपाळाला भस्म, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या आत पांढऱ्या कापडात गुंडाळून गळ्यात बांधलेलं इष्टलिंग. लिंगायत माणूस ते जन्मभर अंगावर बाळगतो, हे तुम्हाला सांगायला नको. सर रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. इन्स्टिट्यूट उघडायला उशीर झाला तरी चालेल, पण पूजेत घाई नाही.

टायपिंग मशिनींचे दिवस संपले तेव्हा पन्नाशीत हा माणूस स्वतः कॉम्प्युटर शिकला, आणि शिकता शिकता इंटरनेटवर या नाण्यापाशी जाऊन पोचला. आम्हाला वाटायचं, लोभापायी. तसं नव्हतं. त्यांच्या वडलांचं बँकेत काही होतं. वडील गेल्यावर वारसाचा दाखला, अमक्याची सही, तमक्याचा शिक्का, यात सरांच्या चपला झिजल्या. एका साहेबानं तर त्यांना विचारलं, तुम्ही त्यांचाच मुलगा कशावरून? ते आठवलं की त्यांचा आवाज बदलायचा. "माझ्या बापाचा मी पोरगा हाय का न्हाई, हे टेबलामागचा माणूस सांगायलाय, मेडिकल! ह्या नाण्याला टेबलच न्हाई." या एका वाक्यासाठी त्यांनी ते धरलं होतं, असं मला आज वाटतं.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद असायचा. मग आम्ही तिघं इन्स्टिट्यूटमध्ये बसून वाद घालायचो. काय वाद! आज आठवलं तरी हसू येतं. चहावाला घेत नाही ते चलन कसलं, असं माझं म्हणणं. डॉक्टर म्हणायचा, खर्च करणारा मूर्ख, दाबून ठेवा, पुढं भाव येईल. यावर सर तापायचे. "दाबून ठिवलं तर दगडात आन् ह्याच्यात फरक काय? फिरलं पाहिजे ते." म्हणून ते माझ्याकडून मुद्दाम नाण्याच्या चिमूटभर तुकड्यावर गोळ्या घ्यायचे. त्यांना ॲसिडिटी होती की नाही कोण जाणे. मी गाढव, ते तुकडे साठताच विकून नवा मोबाईल घेतला. पुढं भाव कुठल्या कुठं गेला तेव्हा डॉक्टरनं मला वर्षभर छळलं. सरांनी एकदाही विषय काढला नाही.

नोटाबंदीचे दिवस तुम्हालाही आठवत असतील. डॉक्टरला वाटलं, सर आता सांगत सुटतील, बघा, मी म्हणत नव्हतो का! सर कुठं होते म्हणता? बँकेसमोर उन्हात. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या स्लिपा भरून देत होते. स्वतःला एक नोट बदलायची नव्हती. मी हटकलं तर म्हणाले, "त्यांला लिहिता येत न्हाई वो. वाद नंतर घालू."

मग एक धक्का बसला. डॉक्टरनं आपली नाणी एका कंपनीच्या ॲपवर ठेवली होती. ती कंपनी एका सकाळी बंद पडली. फोन लागेना, ॲप उघडेना. सर पहिल्यापासून सांगत होते की नाणं स्वतःच्या ताब्यात ठेवा, दुसऱ्याच्या गल्ल्यात नको. डॉक्टरनं ऐकलं नव्हतं. सर त्याच्याकडं जाऊन बसले, पण डॉक्टर पुढं शनिवारी यायचा बंद झाला, तो झालाच.

त्यानंतर सरांनी मोबाईलमधून, कॉम्प्युटरमधून सगळं पुसून टाकलं आणि एका कागदावर बारा इंग्रजी शब्द लिहून घेतले. हे बारा शब्द ओळीनं ज्याच्याजवळ असतील, नाणी त्याची. दाखला नको, सही नको. आणि शब्द हरवले तर जगात कुणीही ती परत मिळवून देऊ शकत नाही. आमचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा वाद या कागदावर झाला. ठेवायचा कुठं?

"बँकेच्या लॉकरात," मी म्हणालो.

"वा! बँकेपासून सुटायला हे केलं, आन् किल्ली बँकेतच?"

"मग पाठ करा."

"साठी आली. उद्या डोकं फिरलं म्हंजे?"

"दोन कागद करा. एक माझ्याकडं द्या."

"दोन कागद म्हंजे दोन चोर, मेडिकल. तुमच्यावर इश्वास हाय वो. तुमच्या कपाटावर न्हाई."

चोर, आग, वाळवी, विसराळूपणा, एकेकाला ते खोडत गेले. दोन आठवड्यांनी मला आत बोलावलं आणि शर्टाची वरची दोन बटणं काढली. लिंगाचं ते पांढरं कापड दुपदरी होतं, आणि कडेनं बारीक टाके. "दोन पदरांच्या मधी हाय," ते हळूच म्हणाले. "रोज हातात घेतो, म्हंजे रोज तपासणी बी झाली. देवापाशी कोण हात घालतंय?"

मला ते पटलं. खरं सांगतो, मी खूश झालो, मान हलवून दाद दिली. त्यांच्या समाजात माणूस गेल्यावर काय करतात हे मला माहीत नव्हतं. आम्ही मुखेडकडचे, जात वेगळी, आमच्यात जाळतात. पण त्यांना तर माहीत होतं ना! आपल्या बापाला, चुलत्याला त्यांनीच पोचवलं होतं. सगळ्या संकटांचा विचार केला या माणसानं, फक्त स्वतःच्या मरणाचा केला नाही. त्या बाबतीत आम्ही दोघंही सारखेच अडाणी निघालो.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी पूजेला बसले आणि भिंतीला टेकले. माती त्यांच्या गावाकडं, भावाच्या रानात होती. मी दुकान बंद करून गेलो. बसलेल्या अवस्थेतच त्यांना सजवून आणलं होतं. भस्म लावलेलं, गळ्यात हार, मांडी घातलेली. खड्ड्यात उतरवल्यावर विधी सांगणाऱ्या मठाच्या स्वामींनी गळ्यातलं लिंग सोडवलं आणि कापडासकट त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईकाशी भांडतो, घरी भांडतो, नको तिथं नको ते बोलतो. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चारशे माणसं 'नमः शिवाय' म्हणत होती. स्वामींचे डोळे मिटलेले. परक्या जातीचा मी, पुढं होऊन म्हणू काय? थांबा, त्यांच्या हातातलं कापड उसवा, आत पैशाचा कागद आहे? लोकांनी मला तिथंच तुडवलं असतं, आणि मला ते बरोबरच वाटलं असतं. बेलाची पानं पडली, भस्म पडलं, मग माती. मी त्या हाताकडं बघत राहिलो, तो दिसेनासा होईपर्यंत.

चार-सहा महिन्यांनी जागेच्या मालकानं इन्स्टिट्यूट पाडून मुलींचं हॉस्टेल बांधायचं काढलं. आमच्या भागात आता दुसरं काही बांधतच नाहीत. वहिनींना खोल्या सोडायच्या होत्या. भावाकडं जाणार होत्या, एका खोलीत, भावजयीच्या हाताखाली. मला अन्न गोड लागेना. शेवटी टेम्पो आला त्या सकाळी मी गेलो. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. कापड, कागद, बारा शब्द, आणि मी गप्प बसलो तेही.

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मला ठावं हाय की. ते कापड मीच शिवायची. कागद बी मीच आत घातला. म्हणले, ह्यो आपल्या घराचा कागद हाय, बारीक टाके घाल."

"मग वहिनी, तुम्ही का नाही…"

"मी कशी बोलू? नवरा मांडी घालून बसलाय, आन् बायको म्हणतीया कागद काढा? चार बायांनी मला धरून ठिवली होती. मी तुमच्याकडं बघत होते. सारखी बघत होते. म्हणलं, ह्यांचा दोस्त हाय, गडीमाणूस हाय, ह्यो बोलंल." त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा आवळली. "तुमी वर बघितलंच न्हाई."

रडू आलं, रडलो. लाज वाटली नाही. थोड्या वेळानं, काहीतरी करायलाच हवं म्हणून, मी म्हणालो, "अजूनही होईल. तहसीलला अर्ज देऊ. परवानगी मिळते. स्वामींशी मी बोलतो, पाया पडतो त्यांच्या. तुमचं घर होईल, वहिनी. चांगलं घर होईल."

"न्हाई."

"अहो, तुमचा हक्क आहे तो."

"असंल. त्या टायमाला काढला असता तर मी घेतला असता, खोटं कशाला बोलू. पर आता बसलेत ते. हातात लिंग घिऊन बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाई." त्यांनी दुसरं पोतं पुढं ओढलं. "आन् एक करा. त्यांच्या हातात काय हाय, ते कुणाला सांगू नका. लोकं उकरतील वो. माती बी ऱ्हाऊ द्यायची न्हाईत."

मी हो म्हणालो. टेम्पोत दोन पोती, एक कपाट आणि एक टायपिंग मशिन चढलं. वहिनी ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेल्या. हॉस्टेलचे तीन मजले आता वर आलेत.

ती नाणी आहेत तिथंच आहेत. या नाण्याचं खातं जगाला उघडं असतं, कुणीही इंटरनेटवर जाऊन बघू शकतो, मीही अधूनमधून बघतो. पण हलवू कुणी शकत नाही. मला हे सगळं कुठंतरी सांगायचं होतं, नाहीतर वेड लागलं असतं. आणि वहिनींना दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. म्हणून इतकं लिहिलं, पण सरांचं नाव लिहिलं नाही. गाव लिहिलं नाही, रान कुणाचं तेही नाही. मुखेड माझं आहे, त्यांचं नाही. लातुरात टायपिंगच्या इन्स्टिट्यूट पुष्कळ होत्या आणि भस्म लावणारे सरही पुष्कळ होते. तरी तुमच्यापैकी एखाद्यानं ओळखलं असेल, तर त्याला हात जोडून सांगतो. बाबा रे, तूही गप्प बस.