रामाजींचा खांदा

आमच्या नागपूरच्या क्लबात टेबल टेनिस खेळणाऱ्या इंदुताई गिरडकर साठीच्या आहेत. गुडघे दुखतात, पळता येत नाही. तरी पंचविशीतल्या पोरी त्यांच्याकडून हरतात, कारण चेंडू यायच्या आधीच इंदुताईंची बॅट तिथे पोचलेली असते. "मी चेंडूची वाट पाहतच नाही," त्या म्हणतात. "समोरचीचा खांदा आणि मनगट आधीच सांगून टाकतात."

त्यांचे यजमान रामाजी मौद्याला शिक्षक होते. तीस वर्षं ते बायकोची पाण्याची बाटली सांभाळत बाकावर बसले, पण बॅट कधी हातात घेतली नाही. गेल्या रविवारी इंदुताईंच्या समोर खेळणारी गार्गी आलीच नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून रामाजींनाच तिच्या जागी टेबलापाशी उभं केलं.

आणि इंदुताई पहिला गेम अकरा-आठने हरल्या! रामाजींचा खांदा डावीकडे वळला की त्या डावीकडे सरकायच्या, आणि चेंडू रामाजींच्या बॅटच्या कडेला लागून भलतीकडेच पडायचा.

"अहो, कुठं मारून राहिले तुम्ही?" त्या वैतागून म्हणाल्या.

"मलेच माहीत नाही, तर तुले कसं समजणार वं?" रामाजी धापा टाकत म्हणाले.

हसता हसता इंदुताईंना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी खांद्याचा नाद सोडला, नवशिक्यासारखी चेंडूवर नजर लावली आणि पुढचे दोन गेम कसेबसे जिंकले. रामाजी मात्र दोन दिवस भेटेल त्याला फक्त पहिल्या गेमचा स्कोअर सांगत होते.