शरदच्या उरलेल्या स्लाइड्स

शरद गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, अंजलीने केला. "काका, बाबा इज गॉन," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. इथे अमेरिकेत, आमच्या शॉमबर्गला, त्या सकाळी घोटाभर बर्फ होता, आणि ड्राइव्हवे साफ करता करताच त्याचं हृदय थांबलं. त्या क्षणी मला आमची वीस वर्षांची मैत्री आठवायला हवी होती... आठवली ती मी त्याला दिलेली एक चिठ्ठी. दीड महिना झाला, ती डोक्यातून जात नाही.

तरुणपणी शरद इंग्लंडमधल्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होता. पुढे अमेरिकेत पंप बनवण्यात आयुष्य गेलं, पण जीव अडकला होता वाफेच्या इंजिनांत, त्यातही 'मिक्स्ड ट्रॅफिक' इंजिनांत. एक्स्प्रेसच्या इंजिनाची चाकं उंच, ते पळतं. मालगाडीच्या इंजिनाची चाकं बुटकी, ते जोर लावतं. सकाळी प्रवासी आणि दुपारी कोळसा ओढेल असं एकच इंजिन घडवण्यासाठी इंग्रजांनी किती वर्षं डोकं खाजवलं, हे तो भेटेल त्याला सांगायचा. आम्ही यथेच्छ चेष्टा करायचो. तो शांतपणे म्हणायचा, "अरे, फोटो सगळे एक्स्प्रेसचे काढतात. रेल्वे चालवली ती ह्यांनी."

मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, वेळेचा पक्का, आणि त्याचा मला कोण अभिमान! तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात त्याला अर्धा तास दिला. इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन तो आला. मुलं कंटाळून पळापळ करत होती, शाळेचा हॉल पाचला सोडायचा होता, आणि मागे काकूमंडळी मसालेभाताची झाकणं उघडून माझ्याकडे बघत होती. शरद सांगत होता, "त्यांनी एका एक्स्प्रेस इंजिनाची उंच चाकं काढली, सहा फुटांची बसवली, आणि मग..." तेवढ्यात मी चिठ्ठी सरकवली: 'आवर. जेवण थंड होतंय.' त्याने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, प्रोजेक्टर बंद केला आणि ताट घ्यायला रांगेत उभा राहिला. उरलेलं पुढच्या वर्षी घेऊ, असं मी पाठीवर हात ठेवून म्हणालो. पुढच्या वर्षी नाटकवाले आले, त्याच्या पुढच्या वर्षी मुलांचे डान्स वाढले. त्याने एकदाही विषय काढला नाही, आणि मला ते सोयीचंच वाटलं. आता लाज वाटते.

गेल्या शनिवारी शरदच्या बायकोने, मालतीवहिनींनी, त्याची गाडी विकायला काढली, म्हणून ती रिकामी करायला मी गेलो. डिकीत ब्लँकेटखाली स्लाइड्सचा डबा निघाला. हा इथे कसा, असं मी विचारलं. वहिनी ब्लँकेटची घडी घालू लागल्या.

"भाऊजी, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते हा डबा गाडीत टाकायचे. म्हणायचे, विचारलं तर जवळ असावा."

डबा उचलून मी घरात नेला.

दुपारी अंजलीने हट्ट धरला म्हणून आम्ही पडदे ओढले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर स्लाइड्स लावल्या. सहा फुटी चाकांपर्यंत मी तिला त्याच्याच शब्दांत सांगत गेलो. मग न पाहिलेल्या सुरू झाल्या. काळं, साधं इंजिन, मागे मालाचे बंद डबे. तेच इंजिन कुठल्याशा स्टेशनात, खिडक्यांतून माणसं डोकावताहेत. स्लाइड्सवर नाव नाही, साल नाही... सगळं त्याच्या तोंडात होतं. एका स्लाइडमध्ये तेलकट कपड्यांतला एक गोरा म्हातारा चाकाला टेकून कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

"हू इज ही, काका?"

मला माहीत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं. आता ते सांगू शकेल असं जगात कुणी उरलेलं नाही.

"शॅल आय गो टू द नेक्स्ट वन?" अंजलीने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे जरा."